मला वाचता न येणारा कागद

जो कागद मला वाचता येत नव्हता, तो मी गावासमोर वाचून दाखवला. चुकून नाही, घाईतही नाही. चष्मा पुसला, कागद उजेडाकडं धरला, मधेच एखादा शब्द अडल्यासारखा चेहरा केला आणि त्यात जे नव्हतं ते मोठ्यानं सांगितलं. एका बाईनं शंका काढली तेव्हा तिला गप्प करायला हायकोर्टाचा एक निकालही सांगितला. असा निकाल मी कधी पाहिला नव्हता की ऐकला नव्हता. तो बसल्या जागी तयार झाला. आणि तोंडातून बाहेर पडल्यावर तो मला स्वतःलाच खरा वाटू लागला, हे त्याहून वाईट.

हे आधीच सांगून ठेवतो. पुढं कुठं माझी कीव येण्यासारखं काही आलं, तर वाचणाऱ्यानं हे आठवावं.

आमचं गाव कर्नाटकातल्या बीदर जिल्ह्यात, कमलनगरपासून जीपनं वीस-पंचवीस मिनिटांवर आहे. घरात मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात दोन्ही, आणि जुन्या ट्रंकांत उर्दू. निजामाच्या काळातले शेतीचे कागद उर्दूत, तेही घाईच्या, एकात एक गुंतलेल्या हातानं लिहिलेले. नंतरचे सगळे कन्नडात. त्यामुळं आमच्याकडच्या माणसाला स्वतःच्या जमिनीचा कागद बहुधा स्वतःला वाचता येत नाही. तो घडी करून, पिशवीत घालून कुणाकडं तरी न्यावा लागतो. ती जागा आमच्या गावात माझ्या वडिलांची होती. ते उर्दूतून शिकलेले. सकाळी ओसरीवर दोन-चार माणसं कागद घेऊन बसलेलीच असायची.

वडील गेले आणि माणसं येत राहिली. तेव्हा मी हायस्कुलात मराठी आणि समाजशास्त्र शिकवत होतो, आजही शिकवतो. कन्नड मला चांगलं येतं. जमिनीची पहाणी, म्हणजे आमच्याकडचा सातबारा, तहसीलची नोटीस, बँकेचं पत्र मी वाचून द्यायचो आणि ते प्रामाणिक काम होतं. पण लोक त्याच पिशवीतून उर्दू कागदही काढायचे. वडिलांनी लहानपणी मला पाटीवर अलिफ-बे गिरवायला लावलं होतं. त्यावर दुकानाची पाटी, बसवरचं नाव, छापील लग्नपत्रिका एवढं मला लागतं. जुन्या हाताचा कागद म्हणजे माझ्यासाठी मुंग्यांची रांग.

हे मी कुणालाही सांगितलं नाही. पहिल्यांदा म्हणालो, "जुना हाय, जपून ठेवा." हे वाक्य कधीच चुकत नाही. मग कधीतरी म्हणालो, "तुमच्या आज्याचं नाव दिसायलंय." तेही बहुतेक वेळा बरोबर निघणार. कागद त्यांच्याच घरातला होता ना. लोक समाधानानं उठायचे. "मास्तर म्हणले" असं बाहेर जाऊन सांगायचे, आणि ते आत मला ऐकू यायचं. त्या दोन शब्दांची मला चटक लागली होती. कन्नड खरंच वाचता येत होतं, त्यामुळं उर्दूबद्दल कुणाला शंका यायचं कारण नव्हतं. एका गोष्टीत माणूस जाणता निघाला की लोक त्याला सगळ्यातच जाणता धरतात. आणि तो माणूस नको म्हणत नाही.

माझे एक लांबच्या नात्यातले चुलतभाऊ आहेत, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. कलबुर्गीहून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त होऊन ते गावी आले. अण्णांच्या बोलण्यात दर तिसऱ्या वाक्याला कुणीतरी साहेब असायचे. वांग्याला तेल किती घालावं हेसुद्धा ते एका साहेबांच्या नावावर सांगायचे. तळ्याच्या अंगाला असलेल्या वाटणीच्या शेतात त्यांनी आंब्याची रोपं लावली, बोअर मारला आणि चहूबाजूंनी जाळीचं कुंपण घालायला काढलं. त्या शेताच्या बांधावरून मेंढरांची वाट जात होती.

ती वाट धनगरआळीतल्या एका घराची होती. घरात एक म्हातारा, त्याला सगळं गाव अप्पा म्हणतं, आणि त्याची सून. मुलगा हैदराबादेत बांधकामावर. मेंढरं हे दोघंच सांभाळायचे. मेंढरांच्या वाड्यातून निघून बांधानं खाली उतरलं की पाव तासात तळं. ती वाट बंद झाली तर डांबरी रस्त्यानं, पुलावरून, ट्रक-टिपरच्या मधून दीड तासाचा वळसा. उन्हाळ्यात तळ्याशिवाय दुसरं पाणी नाही. म्हणजे वाट गेली तर कळप जाणार हे उघड होतं. ते अण्णांना माहीत होतं, मलाही माहीत होतं.

अप्पा ऐकत नव्हते. म्हणून अण्णा एके दिवशी माझ्याकडं आले. हातात प्लास्टिकचं फोल्डर, त्यात एक पिवळा पडलेला कागद.

"वाच."

मी तेव्हा म्हणायला हवं होतं की मला येत नाही. मी म्हणालो, "जुन्या हाताचं हाय अण्णा. वेळ लागंल."

"वेळ कशाला? आमचे आजोबा सांगायचे, आपल्या बांधावर कुणाचीच वाट न्हाई, तसा सरकारी कागद हाय म्हणून. त्योच ह्यो. एकदा जिल्ह्याच्या डीसी साहेबानला बी दाखिवलो होतो. ते म्हणले, फार महत्त्वाचा कागद हाय, नीट ठेवा."

"डीसी साहेबानला उर्दू येत होतं?"

"तेलुगू माणूस. उर्दू कुटलं येतंय? पर डीसी हायत की बाबा!"

आम्ही दोघंही हसलो. मला आज त्या हसण्याचीच जास्त किळस येते. कारण सगळं तिथं स्पष्ट झालं होतं. अण्णांनी कागद वाचला नव्हता, त्यांच्याकडं आजोबांचं नाव होतं. साहेबांनी वाचला नव्हता, त्यांची खुर्ची होती. आता मी न वाचता वाचणार होतो आणि गाव माझं नाव पुढं नेणार होतं. या सगळ्या उतरंडीत एकाही माणसाच्या डोळ्यांना त्या अक्षरांचा अर्थ लागलेला नव्हता.

कधीकाळी माझी बदली थांबवायला अण्णांनी शब्द टाकला होता. ते ओझं होतं, पण त्याच्यामागं लपणार नाही. खरं कारण एवढंच की "मला येत नाही" हे तीन शब्द मला उच्चारता आले नाहीत.

रविवारी सकाळी मारुतीच्या पारावर बैठक बसली. पंचवीस-तीस माणसं असतील. अण्णांसाठी आणि माझ्यासाठी प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या होत्या. अप्पा खाली उकिडवे बसलेले, सून बाजूला उभी. मी कागद हातात घेतला. वर सांगितलं तसा चेहरा केला. मग अण्णांनी आदल्या दिवशी सांगितलेलं सगळं मी कचेरीच्या भाषेत घालून म्हणालो, "सदरहू शेताच्या बांधावरून कोणासही जाण्या-येण्याचा हक्क राहणार नाही."

सदरहू! हा शब्द मी कुठून आणला देव जाणे. पण त्या शब्दानं पारावरची कुजबुज थांबली.

अप्पांनी एकदा कागदाकडं आणि एकदा माझ्याकडं बघितलं. "तुमचे वडील देवमाणूस," ते म्हणाले. "तेनी आमाला कदी खोटं सांगिटले न्हाईत. तुमी म्हणायलाव तर तसंच असंल."

ते उठायला लागले. काम झालं होतं. पण सून हलली नाही.

"मास्तर, एवढ्या वळी हायत कागदात. तुमी एकच सांगिटलाव. बाकीचं काय हाय?"

"बाकीचं सरकारी असतंय. तारीख, शिक्का, तसलं."

"माझ्या सासऱ्याचा बाप ह्याच वाटनं जायचा. तवा अण्णांचे आजोबा बी हुते की जिते. तेनी कामून अडिवले न्हाईत?"

हा प्रश्न बिनतोड होता. अण्णा माझ्याकडं बघू लागले. सगळे माझ्याकडं बघू लागले. आणि मी म्हणालो, "वहिवाट काही का असंना, लेखी कागदापुढं ती चालत न्हाई. हायकोर्टाचा तसा निकाल हाय."

"कुटल्या हायकोर्टाचा? कवाचा?"

कुणीतरी मागून म्हणालं, "अगं, तुला तारीख सांगिटलं तर कॅलेंडरात बगून येतीस का?"

दुसरा म्हणाला, "मेंढरानला वाचून दाखवंल की बे!"

पार हसला. अण्णा हसले. मी पण हसलो. मोठ्यानं नाही, मास्तर हसतो तसा, ओठ मिटून. बाईनं डोक्यावरचा पदर ओढून घेतला आणि सासऱ्याच्या मागं चालू लागली. अण्णांनी चहा मागवला. मला कपबशीतून, बाकीच्यांना प्लास्टिकच्या पेल्यातून. तो चहा मी संपवला. गोड होता.

आठ दिवसांत जाळी पूर्ण झाली, बांधाच्या तोंडाला लोखंडी गेट लागलं.

त्यानंतर मी शाळेला जाताना रोज त्यांना बघायचो. पुढं सून, मागं अप्पा, मधे मेंढरं, डांबरी रस्त्याच्या कडेनं. अप्पांच्या काठीला लाल कापड बांधलेलं. ट्रकवाले मुद्दाम जवळ आणून हॉर्न द्यायचे. मेंढरं बुजून एकमेकांवर चढायची. मी बसमध्ये डावीकडं बसायचं सोडून उजवीकडं बसू लागलो. अपराधी माणसाला एवढी सोय पुरते, हे मला तेव्हा कळलं.

मार्चमध्ये एका सकाळी बस पुलाअलीकडं थांबली. रस्त्यावर तीन मेंढ्या पडल्या होत्या. एकीचं पोट फुटलेलं, त्यातून वाफ निघत होती. टिपर निघून गेला होता. सून बाकीचा कळप खाली उतरवत होती आणि अप्पा त्या मेल्या मेंढीच्या तोंडाशी हात धरून बसले होते. बसमधले सगळे उजवीकडं आले, त्यामुळं मला तोंड वळवायला जागा उरली नाही.

"बांधाची वाट असताना ह्या म्हाताऱ्यानं रस्त्यानं कामून आणायलंय?"

"वाट कुटं हाय आता? मास्तरनी कागद वाचले की पारावर. हक्कच न्हाई तेनचा." आणि तो माणूस माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "व्हय की न्हाई मास्तर?"

मी "व्हय" म्हणालो.

अजूनही आंघोळ करताना मधेच तो "व्हय" आठवतो आणि मी तोंडावर पाणी मारतो. पारावर माझ्याखाली खुर्ची होती, अण्णा होते, चार माणसं होती. बसमध्ये काहीच नव्हतं. बाहेर रक्त होतं आणि तरी मला माझं नाव राखायचं होतं.

सुनेचा भाऊ खटकचिंचोळीला असतो. मेंढ्या मेल्याचं कळल्यावर तो आला आणि बहिणीला घेऊन वकिलाकडं गेला. वकिलानं पहिलाच प्रश्न विचारला म्हणे, "कागदाचं राहू द्या. वाट किती वर्षांपासून चालू होती, ते सांगणारी म्हातारी माणसं आहेत का?" म्हणजे ज्या वहिवाटीला मी पारावर एका वाक्यात उडवून लावलं, कायदा तीच आधी विचारत होता. दावा दाखल झाला. अण्णांनी उत्तरात कागद जोडला आणि माझं नाव घातलं. कैफियतीची प्रत त्यांनी मला कौतुकानं दाखवली. त्यात मी "जुन्या उर्दू व फारसी दस्तऐवजांचे जाणकार" होतो. फारसी! मला फारसीतलं एक अक्षर येत नाही. तरी ते शब्द वाचताना आत कुठंतरी एक गुदगुली झालीच. तेवढ्यासाठीही मला माझी शिसारी येते.

साक्षीच्या तारखेला तालुक्याच्या कोर्टात गेलो. आमचं प्रकरण यायच्या आधी दुसरं चालू होतं. एक वकील जोरात म्हणाले, "साहेब, या मुद्द्यावर वरच्या कोर्टाचा स्पष्ट निकाल आहे."

न्यायाधीशांनी मान वर न करता हात पुढं केला. "प्रत?"

"पुढच्या तारखेला देतो साहेब."

"मग मुद्दाही पुढच्या तारखेला सांगा."

मागच्या बाकांवर हशा झाला. समोरचे वकील उठून म्हणाले की तो निकाल त्यांना माहीत आहे आणि त्यातलं भांडण अगदी वेगळं होतं, इथं तो लागूच होत नाही. दोघांचं बराच वेळ चाललं. मला त्यातलं अर्धं कळलं नाही. पण एक गोष्ट कळली. कोर्टातही मोठी नावं घेतात, सारखीच घेतात. पण इथं नाव घेतलं की हात पुढं येतो: दाखव. कुठल्या कोर्टाचा, कधीचा, भांडण काय होतं. आणि जो विरोधात आहे, त्यालाही तो वाचायला मिळतो.

पारावर हेच कुणीतरी विचारलं होतं. कुटल्या हायकोर्टाचा? कवाचा? पंचवीस-तीस माणसांत न्यायाधीशाचा प्रश्न एकट्या त्या बाईला सुचला होता, आणि तेवढ्याच गोष्टीवर आम्ही तिला हसलो होतो.

त्या दिवशी आमचा नंबर लागला नाही. पुढची तारीख पडली. ती बाई कोर्टाच्या आवारात भाकरीचं फडकं सोडून बसली होती. तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

मी भीतीनं बीदरला गेलो. पश्चात्तापानं गेलो असतो तर इथं तसं लिहिलं असतं. उलटतपासणीत विचारतील, म्हणून निदान कागदात काय आहे ते कळावं, इतकंच मनात होतं. जुन्या शहरात एक निवृत्त उर्दू शिक्षक राहतात. जुने दस्त वाचण्यासाठी लोक लांबून त्यांच्याकडं येतात. मी मोबाइलवरचा फोटो दाखवला. त्यांनी तो मोठा केला, भिंग धरलं, मग वहीत एकेक ओळ उतरवून काढली. तासभर लागला. त्या तासात ते एकदाही चेहरा करून थांबले नाहीत. जिथं थांबले तिथं खरंच अडले होते.

"मास्टरसाब, ये तो तुमारे खेत का हैइच नइ," ते म्हणाले. "ना बांध की बात है, ना रस्ते की."

तो हुकूम होता. दौऱ्यावर येणाऱ्या अंमलदाराच्या मुक्कामासाठी गावानं गवताचे भारे, सरपण, घोड्यासाठी चणे आणि कोंबड्या तयार ठेवाव्यात, असा. गावही आमचं नव्हतं. अण्णांचे आजोबा तेव्हा कचेरीत कारकून होते, त्यांच्या दप्तरातून तो कागद कधीतरी घरी आला असणार. एका साहेबाच्या कोंबड्यांचा हुकूम आम्ही प्लास्टिकमध्ये घालून दोन पिढ्या जपला, आणि त्याच्या जोरावर एका माणसाच्या मेंढरांचं पाणी तोडलं.  

मग शिक्षकांनी वहीतल्या दोन जागांवर बोट ठेवलं. "ये दो लफ्ज मेरे से नइ पढे जा रे. किसी और को भी दिखालो."

आयुष्य त्या लिपीत गेलेला माणूस दोन शब्द लागत नाहीत म्हणून सांगत होता. वडीलही असंच म्हणायचे. "ही ओळ मला लागंना, दुसऱ्याला इचारा." मी ओसरीवर अभ्यास करत हे कितीदा ऐकलं होतं. त्यांच्याकडून मी त्यांची बसायची जागा घेतली आणि हे वाक्य तेवढं टाकून दिलं.

आता वाचणाऱ्याला वाटेल की मी दुसऱ्या दिवशी जाऊन सगळं कबूल केलं. नाही. मी अण्णांना सांगितलं. ते जराही बिचकले नाहीत.

"एक म्हातारा म्हणतोय म्हणून झालं का? कोर्टात तू म्हणशील तेच खरं. तू जाणकार हायस, लिवलंय तसं."

"मला वाचता येत न्हाई अण्णा."

"हे आता सांगायलास? गावात तोंड दाखवशील का? तुझ्या वडलांच्या नावाला काळं लावशील."

मी घरी आलो आणि पुढच्या तारखेच्या आधी एका ओळखीच्या डॉक्टरकडून चिठ्ठी आणली. रक्तदाब वाढलेला आहे, आठ दिवस विश्रांती आवश्यक. माझा रक्तदाब बरा होता. पण खाली सही होती, शिक्का होता, डॉक्टरच्या नावापुढं पदव्या होत्या. कोण विचारणार? तारखेच्या दिवशी मी पलंगावर पडून राहिलो. बायकोनं पेज करून आणली. ताट ठेवून ती तिथंच उभी राहिली.

"काय होतंय तुमाला?"

मी चिठ्ठीकडं बोट दाखवलं.

"ते वाचले मी," ती म्हणाली. "डॉक्टरला काय होतंय ते न्हाई विचारले. तुमाला काय होतंय?"

 तिनं चिठ्ठी उचलून माझ्या छातीवर ठेवली. "आता हे पांघरून निजा," म्हणाली आणि आत गेली.

मी उठलो. कपडे घालून धनगरआळीत गेलो. दुपार होती. वाड्यात जागा मोकळी मोकळी दिसत होती. कळप अर्ध्यावर आला होता. उरलेलाही पावसाआधी विकून टाकायचा विचार चालला होता. अप्पा लोकर कातरत बसले होते. सून कोर्टातून अजून परतली नव्हती. मी जमिनीवर बसलो आणि त्यांना सगळं सांगितलं. कागदाचं, निकालाचं, बसमधल्या "व्हय"चं, डॉक्टरच्या चिठ्ठीचं. त्यांचा हात थांबला नाही.

संपल्यावर ते म्हणाले, "हितं कामून आलाव मास्तर?"

"माफी मागायला."

"माज्या एकट्याच्या कानात माफी घालून जाताव, आन बाहीर तुमचं वाचल्यालं तसंच ऱ्हातंय. ते कसं हुतंय? वाचलाव ते सगळ्याम्होरं." त्यांनी कातरीतली लोकर झटकली. "आन मी तर म्हणलो हुतो, मास्तर म्हणायल्यात तर तसंच असंल. मी तवाच हारलो हुतो. इचारली कोण? सून. तिला बोला."

मी सुनेच्या वकिलाकडं जाऊन लेखी दिलं: मला हा कागद वाचता येत नाही, पारावर मी तो वाचल्याचं सोंग केलं. सोबत बीदरच्या शिक्षकांच्या वहीतला उतारा दिला, त्यांना न लागलेल्या दोन रिकाम्या जागांसकट. दावा चालू आहे. गेट अजून आहे, कुलूप अण्णांकडं आहे, आणि अण्णा माझ्याशी बोलत नाहीत. ओसरीवर आता उर्दू कागद घेऊन कुणी आलं तर मी बीदरचा पत्ता देतो. सुरुवातीला लोकांना ती नम्रता वाटली, आणि काहीजण म्हणालेही, "मास्तर फार साधा माणूस हो." तेही मला सोसवेना. म्हणून गावाला पुन्हा रविवारी पारावर बोलावलं.

सगळे आले. अण्णाही आले, आपल्या खुर्चीत बसले. मला खुर्ची पुढं केली, मी उभाच राहिलो. अप्पांच्या शेजारी सून होती. मी रात्री कागदावर लिहून आणलं होतं. सुरुवात केली, "बीदरचे एक मोठे जाणकार, ज्यांचा जुन्या दस्तांचा चाळीस वर्षांचा अभ्यास आहे, त्यांनी असं सांगितलंय की..."

"मास्तर," सून म्हणाली. "बीदरच्यानी आमची वाट मोडले न्हाईत. डीसी साहेबानी बी न्हाई. पुन्ना कुणाचं नाव सांगायलाव? तुमचं सांगा."

मागं कुणीतरी खाकरलं. या वेळी कुणी हसलं नाही. मी लिहून आणलेला कागद खिशात घातला. हात नुसते लोंबत होते, त्यांचं काय करावं कळेना. मी तिच्याकडं तोंड करून बोललो.

"अक्का, मला त्यो कागद वाचता येत न्हवता. एक वळ बी न्हाई. तरी मी वाचल्यासारखं केलो, अण्णानी सांगिटलेलं बोललो. हायकोर्टाचा निकाल मी मनानं रचलो. तसला निकाल मला म्हाईत न्हाई. तुमी बरोबर इचारलाव, कुटल्या कोर्टाचा, कवाचा म्हणून. मला उत्तर न्हवतं, म्हणून मी हसलो, आन मी हसलो म्हणून सगळे हसले. तुमची मेंढरं रस्त्यावर गेली ती माझ्यामुळं. ह्यात दुसऱ्या कुणाचं नाव न्हाई. मी खोटं बोललो. मला माफ करा."